एल्फांच्या घरी वाढलेली ड्वार्फ: उपजत आणि शिकलेल्या गुणांच्या वादाचे एक प्रकरण

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे रचून फाशांवर खेळायच्या खेळाच्या २०१४ सालच्या नियमपुस्तकात ड्वार्फ हा खाणीत राबणाऱ्या बुटक्यांचा वंश निवडणाऱ्या खेळाडूला बऱ्याच गोष्टी एकदम मिळतात: काटकपणाच्या गुणांकात २ ची वाढ, ६० फुटांपर्यंत अंधारात दिसणे, विषाला तोंड देण्याची जास्त ताकद, दोन प्रकारच्या कुऱ्हाडी आणि दोन प्रकारचे हातोडे चालवण्याचे प्रावीण्य, लोहार, मद्य बनवणारा किंवा गवंडी यांपैकी एकाच्या अवजारांचे प्रावीण्य, दगडी बांधकामाचा उगम ओळखताना इतिहासाच्या फाशात प्रावीण्याची दुप्पट भर, आणि कॉमन (सर्वांची सामायिक) व ड्वार्विश या दोन भाषा. यादी सलग आहे. तिच्यातले डोळे जन्माने मिळाले आणि हातोडा नंतर कोणीतरी हातात दिला, असा भेद पुस्तक करत नाही. भाषांच्या बाबतीत तर त्या वंशामुळेच बोलता, वाचता आणि लिहिता येतात, असे ते सरळ सांगते. बहुतेक टेबलांवर, म्हणजे खेळणाऱ्या गटांत, हे कोणाला खटकत नाही, कारण बहुतेक ड्वार्फ पात्रे ड्वार्फांतच वाढलेली असतात. एखाद्या खेळाडूने पात्राचे रक्त एकीकडचे आणि घर दुसरीकडचे ठेवले की मात्र ही यादी कुठून फाडायची, हा प्रश्न टाळता येत नाही.

पुढे मांडलेले प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. टेबल आणि पात्रे कल्पित आहेत. ज्या नियमांवरून वाद होतो ते मात्र छापील पुस्तकांतले आहेत, आणि वादाचे स्वरूपही अशा टेबलांवर नेहमी दिसणारेच आहे.

मागणी

चार खेळाडू आणि एक डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, असे हे टेबल आहे. मोहीम एका ओसाड ड्वार्फ खाणीत उतरण्याची आहे. २०१४ चे नियम चालू आहेत आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकातले ऐच्छिक नियम डंजन मास्टरच्या संमतीने वापरता येतात. तीन पात्रे ठरलेली आहेत: ड्वार्फांतच वाढलेला एक टेकडी-ड्वार्फ क्लेरिक (पुजारी), गवंड्यांच्या संघात उमेदवारी केलेला एक मानव योद्धा आणि एक हाफलिंग चोर.

चौथ्या खेळाडूचे पात्र म्हणजे तोर्वा. ती पर्वत-ड्वार्फ आहे, तान्ही असताना हाय एल्फ या जादूत मुरलेल्या एल्फांच्या नगरात पोहोचली, तिथल्याच एका विद्वान कुटुंबाने तिला वाढवले, आणि आता ती विझार्ड, म्हणजे अभ्यासाने मंत्र शिकलेली जादूगार, आहे. तिने खाण कधी पाहिलेली नाही. खेळाडूची मागणी अशी: ड्वार्विशऐवजी एल्विश भाषा हवी, कुऱ्हाडी-हातोड्यांऐवजी लांब तलवार आणि दोन प्रकारची धनुष्ये हवीत, बळात मिळणारी २ ची वाढ ‘ताशा’च्या नियमाने बुद्धीकडे वळवायची आहे. आणि पर्वत-ड्वार्फांना मिळणारे हलक्या व मध्यम चिलखताचे प्रावीण्य तसेच ठेवायचे आहे.

पहिल्या तीन गोष्टींवर कोणी आक्षेप घेतला नाही. चौथीवर क्लेरिक खेळवणारा उठला. चिलखत घालायला शिकवले कोणी, असा त्याचा प्रश्न होता. पुस्तकातच त्या गुणाचे नाव चिलखताचे प्रशिक्षण असे आहे, आणि प्रशिक्षण देणारे ड्वार्फ तर तोर्वाच्या बालपणात नव्हतेच. भाषा आणि शस्त्रे बदलताना ‘मी एल्फांत वाढले’ हे कारण चालते, मग चिलखताच्या वेळी ‘मी ड्वार्फ आहे’ हे कारण कसे चालेल? तोर्वाच्या खेळाडूचे उत्तरही वाजवी होते: ‘ताशा’त भाषा, शस्त्रे, अवजारे आणि गुणांकांची वाढ बदलण्याची मुभा आहे, सक्ती नाही, जे बदलले नाही ते जसेच्या तसे राहते.

नियमाच्या शब्दाप्रमाणे तोर्वाची बाजू बरोबर होती. वाद चिघळला, कारण आक्षेप नियमाच्या शब्दाबद्दल नव्हताच.

किंमत कुठे दडलेली असते

या मागणीत कथेपेक्षा हिशोब जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. विझार्डला एरवी कोणतेही चिलखत घालता येत नाही. चापल्याची भर २ असेल, तर ‘मेज आर्मर’ हा मंत्र खर्चून त्याचा बचावांक (वार चुकवण्याचा आकडा) १५ होतो, आणि पहिल्या पातळीवर अशा मंत्रांसाठी दोनच जागा असल्याने त्यातली एक इथेच संपते. त्याच विझार्डने ५० सुवर्णमुद्रांचे खवल्यांचे चिलखत घातले तर मंत्र न खर्चता बचावांक १६ होतो. पुढे ७५० मुद्रा जमल्या की हाफ प्लेट घालून १७. शिकलेल्या गुणांत हा सर्वांत मौल्यवान, आणि त्याचे मोल पुस्तकातच दुसरीकडे लावलेले आहे: विझार्डला मध्यम चिलखतापर्यंत पोहोचायचे तर दोन स्वतंत्र फीट (निवडून घ्यायची खास कौशल्ये) घ्यावे लागतात. चार शस्त्रांचे प्रावीण्य एका फीटमध्ये मिळते आणि सोबत एका गुणांकात १ ची वाढही मिळते. तीन भाषाही तशाच एका फीटमध्ये येतात. म्हणजे तोर्वाच्या खेळाडूने स्वस्त गोष्टी कथेच्या नावाने बदलल्या आणि महाग गोष्ट रक्ताच्या नावाने राखली.

तरीही दोष एकट्या खेळाडूवर टाकता येत नाही. इतर बहुतेक वंशांना एका गुणांकात २ आणि दुसऱ्यात १ अशी एकूण ३ ची वाढ मिळते; पर्वत-ड्वार्फाला बळात २ आणि काटकपणात २ अशी ४ मिळते, आणि वर चिलखत. मूळ रचनेत हे औदार्य निरुपद्रवी होते. ज्याला बळ हवे असे पात्र बहुधा योद्धा किंवा पॅलाडिन (धर्मयोद्धा) असते, त्याला चिलखत वर्गातूनच, म्हणजे व्यवसायातूनच, मिळालेले असते, म्हणून वंशातून मिळालेले प्रावीण्य वाया जाते. आणि ज्याला चिलखताचा उपयोग आहे त्या विझार्डला बळाचा उपयोग नसतो. दोन्ही गोष्टी एकाच पात्राला क्वचितच कामी येतील, या भरवशावर त्या एकत्र ठेवल्या असाव्यात असे ही रचना पाहून वाटते. ‘ताशा’ने वाढ कुठेही वळवण्याची मुभा दिली आणि हा भरवसा गेला. पर्वत-ड्वार्फ विझार्ड हे त्यानंतर सर्वांच्या तोंडी आलेले उदाहरण आहे.

मला या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच वाटते. उपजत काय आणि शिकलेले काय, हा प्रश्न कथेच्या पातळीवर विचारला जातो. पण यादीतले गुण एकमेकांशी जोडले आहेत ते किमतीच्या हिशोबाने. एक धागा कथेच्या कारणाने ओढला की हिशोब दुसरीकडे उसवतो. म्हणून ‘जे शिकलेले ते काढा, जे उपजत ते ठेवा’ एवढे सांगून टेबलावरचा प्रश्न सुटत नाही. काढलेल्याच्या जागी काय, हेही त्याच बैठकीत ठरवावे लागते.

पाळण्याची कसोटी

डंजन मास्टरने यादीतल्या प्रत्येक गुणाला एकच प्रश्न लावला: हेच मूल जन्मताच दुसऱ्या पाळण्यात ठेवले असते, तर हा गुण त्याच्याबरोबर गेला असता का? अंधारातली दृष्टी बरोबर गेली असती. विषाविरुद्धची ताकद गेली असती. काटकपणाही, निदान मोठ्या अंशी, गेला असता. भाषा, शस्त्रे, अवजारे आणि चिलखत मागे राहिले असते. इथवर काम काही मिनिटांत झाले.

त्यानंतर तोर्वाच्या खेळाडूने कसोटी उलटी फिरवली, आणि ते त्याच्या हक्काचेच होते. ड्वार्फांकडून जे शिकले नाही ते जात असेल, तर एल्फांकडून जे शिकले ते मिळायला हवे. त्याने दोन गोष्टी मागितल्या. पहिली, हाय एल्फांना मिळणारा एक कॅन्ट्रिप, म्हणजे न संपणारा छोटा मंत्र. दुसरी, ट्रान्स. एल्फ झोपत नाहीत, दिवसाला चार तास ध्यान करतात. आणि २०१४ च्या पुस्तकात त्या ध्यानातल्या स्वप्नांचे वर्णन वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेले मानसिक व्यायाम असे केले आहे. सरावच असेल, तर एल्फांच्या घरात वाढलेल्या मुलीने तो का केला नसेल?

हा युक्तिवाद ऐकून टेबलावर हसू आले, पण तो पोकळ नाही. पुस्तकाने एका शारीरिक गुणाला सरावाचे कारण जोडून ठेवले आहे. असे पूर्वीही झालेले आहे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत राक्षसी आकाराच्या जायंटांशी लढताना ड्वार्फाच्या बचावांकात ४ ची भर पडत असे, आणि ही भर ड्वार्फांना मिळणाऱ्या खास प्रशिक्षणामुळे आहे, असे पुस्तकच सांगत असे. तरी ती प्रत्येक ड्वार्फाला जन्मतःच मिळे, त्याने जायंट कधी पाहिलेला नसला तरी. कारण शिकण्याचे आणि वाटप रक्ताने, ही विसंगती कित्येक वर्षे कोणाला अडली नाही. त्याच्याही आधी, १९८१ च्या बेसिक नियमांत, ड्वार्फ हा वंशही होता आणि वर्गही. ड्वार्फ असणे हाच व्यवसाय होता, तेव्हा असा प्रश्न विचारायला जागाच नव्हती.

ट्रान्सची मागणी डंजन मास्टरने नाकारली. झोपेची गरज नसणे हे शरीराचे आहे. सराव त्या ध्यानात काय पाहायचे याचा आहे. तोर्वा एल्फांसारखे ध्यान करू शकेल, पण त्यानंतर तिला झोपावेच लागेल. कॅन्ट्रिपही नाकारला, पण वेगळ्या कारणाने: तोर्वा विझार्ड आहे, आणि विझार्डच्या वर्गातून तिला पहिल्याच पातळीवर तीन कॅन्ट्रिप मिळतात. एल्फ कुटुंबाने तिला जे शिकवले ते तिचा वर्ग बनून आधीच पात्राच्या पत्रकावर आलेले आहे, त्याचा मोबदला पुन्हा द्यायचा नाही. हे कारण मला ट्रान्सच्या कारणापेक्षा पक्के वाटते. वर्ग, पार्श्वभूमी आणि वंश यांपैकी पहिले दोन शिकलेल्या गोष्टींसाठीच आहेत. वंशाच्या रकान्यात शिकलेले काही आढळले की ते मुळात तिथे का ठेवले, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

चिलखत गेले. त्याच्या बदल्यात डंजन मास्टरने तोर्वाला पर्वत-ड्वार्फाऐवजी टेकडी-ड्वार्फाचे शरीर देऊ केले. दोन्ही पोटवंशांची तुलना केली तर हा तोडगा किती सरळ आहे हे दिसते: पर्वत-ड्वार्फाला वर मिळते ते प्रशिक्षण, टेकडी-ड्वार्फाला वर मिळतो तो चिवटपणा, दर पातळीमागे एक जास्तीचा हिट पॉइंट (मार सोसण्याचा गुण). दुसरी गोष्ट पाळणा बदलला तरी जात नाही. गुणांकांत काटकपणाची २ ची वाढ तशीच राहिली आणि टेकडी-ड्वार्फांची विवेकातली १ ची वाढ बुद्धीकडे वळवली. खेळाडूला १७ बुद्धी हवी होती, मिळाली १६. पण दोन्हींची फाशावरची भर ३ च असते, हे लक्षात आल्यावर त्याचा विरोध बराच मावळला.

गुणांकांबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण या साऱ्या चर्चेतला सर्वांत नाजूक भाग तोच आहे. काटकपणा शरीराचा म्हणून उपजत मानला, तर विवेक, बुद्धी आणि प्रभाव यांचे काय? तिसऱ्या आवृत्तीत हाफ-ऑर्क या वंशाच्या बुद्धीतून आणि प्रभावातून प्रत्येकी २ वजा होत. २०१६ च्या एका पुस्तकात खेळाडूंसाठी दिलेल्या ऑर्कच्या बुद्धीतूनही २ वजा होत. ती वजाबाकी प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टने २०२० मध्ये काढून टाकली. एखादा संपूर्ण समाज जन्मतः मंद असतो, हे विधान आकड्याच्या रूपात नियमात असणे अनेक खेळाडूंना सहन होत नाही, आणि त्याचे कारण खेळाच्या बाहेरच्या जगात आहे हे उघड आहे. पण खेळाच्या आतही ते विधान तकलादू आहे. त्या आकड्यात किती भाग मेंदूचा आणि किती शाळा नसण्याचा, हे सांगण्याची कोणतीच सोय नियमात नव्हती. पाळण्याची कसोटी इथे उत्तर देत नाही, कारण पुस्तकाने गुण सांगितला आहे आणि कारण सांगितलेले नाही.

दगडाची जाण

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो स्टोनकनिंग या गुणावर, म्हणजे ड्वार्फांच्या दगड ओळखण्याच्या प्रसिद्ध कसबावर. ही जाण उपजत आहे की शिकलेली? क्लेरिकचा खेळाडू म्हणाला, शिकलेली, कारण नियमात ती इतिहासाच्या कौशल्याला जोडलेली आहे. तोर्वाचा खेळाडू म्हणाला, उपजत, कारण ड्वार्फ दगडातूनच आले असे या जगाच्या पुराणकथा सांगतात. दोघांच्याही मागे जुन्या आवृत्त्यांचे बळ आहे, ही यातली गंमत.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ड्वार्फाला जमिनीखाली उतार, नवे बोगदे, सरकत्या भिंती, दगडी सापळे आणि आपली खोली यांचा अंदाज सहा बाजूंच्या फाशावर घेता येत असे, आणि त्याचे कारण दिले होते ते ड्वार्फ निष्णात खाणकामगार असण्याचे. म्हणजे शिकलेले. २००० च्या आवृत्तीत दगडातला वेगळेपणा दहा फुटांच्या आत गेल्यावर ड्वार्फाला न शोधताही लक्षात येण्याची संधी मिळू लागली, आणि वर-खाली कुठे हे माणसाला जसे सहज कळते तसे ड्वार्फाला आपली खोली कळते, असे म्हटले गेले. म्हणजे उपजत. २०१४ मध्ये तोच गुण इतिहासाच्या फाशातली भर झाला. दगड कोणी, कधी घडवला याची माहिती. म्हणजे पुन्हा शिकलेला. आणि २०२४ च्या पुस्तकात तो दगडावर उभे असताना किंवा त्याला स्पर्श करत असताना दहा मिनिटांसाठी ६० फुटांपर्यंतची कंपने जाणवण्याची शक्ती झाला. म्हणजे संपूर्णपणे शरीराचा.

नाव तेच राहिले आणि गुण दर वेळी बदलला. यावरून दिसते की जाण कुठून आली याचा निकाल रचनाकारांनी कधी लावलाच नाही. प्रत्येक वेळी त्या नावाखालची क्षमताच अशी बदलली की त्या काळच्या कलानुसार उत्तर आपोआप मिळावे. २०२४ ची कंपने उपजत आहेत का, असे कोणी विचारणार नाही. पण जी गोष्ट विचारण्याजोगी होती, ती यात नाहीशी झाली.

टेबलावर डंजन मास्टरने हा गुण दोन तुकड्यांत वाटला. दहा फुटांच्या आतला उतार, पोकळी आणि आपली खोली जाणवणे हा एक भाग, विवेकाच्या फाशावर. आणि बांधकाम कोणाचे, कोणत्या काळातले, कोणत्या पद्धतीचे हे सांगता येणे हा दुसरा, इतिहासाच्या फाशावर. तोर्वाला पहिला मिळाला, दुसरा नाही. ‘ताशा’च्या नियमाने ही अदलाबदल करता आली नसती, कारण तिथे भाषा आणि प्रावीण्ये बदलता येतात, एखाद्या गुणाच्या आतले दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. हा पूर्णपणे घरचा नियम आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णयही.

त्याचा परिणाम मोहिमेच्या पहिल्याच टप्प्यात दिसला. खाणीतल्या एका दालनात मागची भिंत बंद होती. तोर्वाला हात लावताच आत पोकळी असल्याचे जाणवले, पण चौकटीवर कोरलेली अक्षरे तिला वाचता येईनात. ती क्लेरिकने वाचली आणि ही भिंत खाण सोडताना घाईने उभारलेली आहे, मूळची नाही, हेही सांगितले. कोणता दगड आधी काढला तर छत टिकेल हे मात्र मानव योद्ध्याने ठरवले, कारण गवंड्याची अवजारे त्याच्या हाताखालून गेलेली होती. छापील यादीप्रमाणे यातले बरेचसे एकट्या ड्वार्फाने उरकले असते.

दुसऱ्या ड्वार्फाचा आक्षेप

इथे क्लेरिकच्या खेळाडूने नवा मुद्दा काढला. तोर्वाचे पत्रक इतके बारकाईने तपासले, मग माझे का नाही? माझे पात्र पुजारी आहे. त्याने हातोडा हातात धरला असे कुठे लिहिले आहे? ड्वार्फ म्हणून त्याला चार शस्त्रे मिळतात ती का? प्रश्न खोचक होता, पण प्रामाणिक होता. वेगळ्या घरात वाढलेल्या पात्राला आपले शिक्षण सिद्ध करावे लागते आणि आपल्याच लोकांत वाढलेल्याला ते फुकट मिळते, हा अन्याय दुसऱ्या टोकाचा. सगळ्या ड्वार्फांचे एकच बालपण, अशी कल्पना त्यामागे आहे.

याच वेळी मानव आणि हाफलिंग यांची पत्रके बाजूला ठेवून पाहिली गेली. २०१४ च्या साध्या मानवाला सहाही गुणांकांत १ ची वाढ आणि एक जास्तीची भाषा मिळते. शस्त्रे नाहीत, अवजारे नाहीत. हाफलिंगच्या यादीतही भाषा सोडली तर शिकवण्याजोगे जवळजवळ काही नाही: नशीब, निर्भयता, चपळ शरीर. म्हणजे मानव कुठेही, कसाही वाढू शकतो आणि त्याचे वेगळेपण त्याच्या पार्श्वभूमीत येते. ड्वार्फ आणि एल्फ मात्र आपली अख्खी संस्कृती अंगावर घेऊनच जन्मतात. ही विषमता फारशी बोलली जात नाही. मानवाला संस्कृती अनेक असतात आणि इतरांना एकच, हे गृहीतक या खेळप्रकारात फार खोलवर आहे, आणि वंशाच्या गुणांवरचे बरेचसे वाद त्यातून उगवतात असे मला वाटते.

डंजन मास्टरने क्लेरिकची यादीही तशीच दुभागली आणि शिकलेल्या भागाचे काय करायचे ते खेळाडूवर सोडले. त्याने हातोडे ठेवले, कुऱ्हाडी सोडल्या आणि त्यांच्या बदल्यात मद्य बनवण्याची अवजारे घेतली. पुजाऱ्यांच्या मठात मद्य गाळले जाते, असे त्याने सांगितले. कोणी हरकत घेतली नाही.

इतर नियमांत तोर्वा

तोर्वाला इतर नियमांत बसवून पाहिले, तर या तोडग्याचे मोल नीट कळते. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी खास तरतूद आहे. तिथे वंशाचे बहुतेक गुण फीट म्हणून टप्प्याटप्प्याने घ्यावे लागतात, आणि दत्तक वंशाचे एक सर्वसाधारण फीट आहे, ज्यामुळे दुसऱ्या समाजात रुजलेले पात्र त्या समाजाची वंश-फीट घेऊ शकते. अट एवढीच की त्या फीटला आपल्याकडे नसलेले शारीरिक अंग लागत नसावे, आणि ते ठरवणार खेळ चालवणारा. पाळण्याची कसोटी तिथे नियमातच लिहिलेली आहे. अडचण एकच, जरा विनोदी: सर्वसाधारण फीट एरवी तिसऱ्या पातळीपासून मिळतात, त्यामुळे ड्वार्फ तोर्वाला तिचे बालपण तिसऱ्या पातळीवर पोहोचल्यावर प्राप्त होते.

२०२१ च्या ‘लेव्हल अप’ या पाचव्या आवृत्तीवर आधारलेल्या नियमसंचाने वारसा आणि संस्कृती हे दोन रकाने सरळ वेगळे केले. तिथे तोर्वा तयार करायला कोणाशी भांडावे लागत नाही. किंमत अशी की प्रत्येकच पात्राला एक निवड जास्तीची करावी लागते, आणि नव्या खेळाडूला ते जड जाते.

आणि २०२४ चे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तिथे वंशाऐवजी प्रजाती आहे, गुणांकांची वाढ पार्श्वभूमीतून येते, भाषा कॉमन आणि हव्या त्या दोन. तोर्वा म्हणजे ड्वार्फ प्रजाती आणि ‘सेज’ ही पार्श्वभूमी, जिच्यातून काटकपणा, बुद्धी आणि विवेक यांत वाढ, अर्केना (जादूचे ज्ञान) व इतिहास ही कौशल्ये, सुलेखनाची अवजारे आणि विझार्डच्या मंत्रांची तोंडओळख करून देणारे फीट मिळते. पाच मिनिटांत पत्रक तयार, वाद शून्य. पण क्लेरिकचे पत्रकही तितक्याच सहज तयार होते, आणि त्यात तो ड्वार्फांत वाढला याचा मागमूस राहत नाही. हातोडे गेले, अवजारे गेली, दगडाचा इतिहास गेला. पार्श्वभूमी सोळा आहेत आणि त्यांतली एकही कोणा एका लोकांची नाही. उपजत आणि शिकलेले यांतला गुंता सोडवण्याऐवजी शिकलेली बाजूच यादीतून उचलली, असे याचे वर्णन मी करेन. आधीच्या अवस्थेपेक्षा हे नक्कीच न्याय्य आहे. ते जास्त रंजक आहे असे मात्र म्हणता येत नाही.

शिकलेले म्हणजे शिकता येणारे

एखादा गुण शिकलेला आहे असे एकदा मान्य केले की त्यातून एक जबाबदारी येते, आणि या टेबलावर ती मानव योद्ध्याच्या खेळाडूने ओळखली. दगडाचा इतिहास सांगण्याचे कसब जर रक्तात नसेल, तर ते मला का मिळू नये? २०१४ च्या पुस्तकात सवडीच्या काळात नवी भाषा किंवा नवे अवजार शिकण्याची सोय आहे: शिकवणारा मिळवायचा, २५० दिवस द्यायचे आणि दिवसाला एक सुवर्णमुद्रा मोजायची. शस्त्रे, चिलखत आणि वंशाचे गुण त्या नियमात येत नाहीत.

डंजन मास्टरने तो नियम स्टोनकनिंगच्या दुसऱ्या तुकड्यापर्यंत वाढवला. शिकवणारा क्लेरिक, कारण त्याच्याकडे ते कसब आहे; २५० दिवस आणि २५० मुद्रा; शेवटी भर मिळेल ती दुप्पट नव्हे, एकपट, आणि दुप्पट भरीसाठी ड्वार्फांच्या एखाद्या जिवंत वस्तीत राहावे लागेल. चिलखताचे प्रशिक्षण असे विकत घेता येणार नाही, हेही तिने तेव्हाच सांगून टाकले, कारण त्यासाठी पुस्तकात फीट आहेत आणि त्यांची किंमत तिला मोडायची नव्हती. क्लेरिकच्या खेळाडूने शिकवण्याचे मान्य केले, पण मुद्रा देवळाच्या पेटीत टाकाव्या लागतील या अटीवर.

तोर्वानेही नाव दिले. आधी ड्वार्विश, मग दगडाचा इतिहास, असा क्रम तिच्या खेळाडूने स्वतःच सुचवला, कारण कोरलेली अक्षरे वाचता आल्याशिवाय पुढचे शिकणे कठीण होते. हिशोब केला तर तिचे ५०० दिवस होतात आणि मानव योद्ध्याला ड्वार्विश येत नसल्याने त्याचेही तेवढेच. तोर्वाला एक सवलत द्यावी का, यावर थोडी चर्चा झाली: ती ड्वार्फ आहे, पोकळी तिला आपसूक जाणवते, तर शिकणे सोपे जाईल ना? डंजन मास्टरने सवलत नाकारली. क्लेरिकचा खेळाडू मात्र सवलतीच्या बाजूचा होता, आणि पुढच्या सवडीच्या काळापर्यंत तो मुद्दा खुला ठेवला आहे.